मुद्दाम हलवलेला कॅमेरा आणि आपला खान्देश

आपल्याकडे फोटो चांगला म्हणजे काय, तर शार्प. पापण्या मोजता आल्या पाहिजेत, पानाच्या शिरा दिसल्या पाहिजेत, लोक बोटांनी झूम करून करून बघतात आणि मग ठरवतात फोटो कसा आलाय ते. त्याच्याशी माझं भांडण नाही, लग्नाचा फोटो शार्पच पाहिजे, पक्ष्याचा पण. पण मला गेली काही वर्षं जे वेड लागलंय ते याच्या बरोब्बर उलटं आहे. शटर उघडं असताना, म्हणजे फोटो टिपला जात असतानाच, कॅमेरा मुद्दाम हलवायचा. इंटेन्शनल कॅमेरा मूव्हमेंट असं त्याचं पूर्ण नाव, सगळे आयसीएम म्हणतात. झाड झाडच राहतं पण खोडाची साल जाते, काड्या जातात, एकेक पान जातं, आणि उरतो तो रंग, आणि तो रंग कुठल्या दिशेने चाललाय ते. भिंतीवर लावून चार पावलं मागे जाऊन बघितलं तर वाटतं कोणीतरी जाड ब्रशने रंगवलंय.

आणि हे सगळं मी काढते ते इथेच, जळगाव, धुळे, नंदुरबारमध्ये. यावर हमखास येणारा प्रश्न म्हणजे खान्देशात काय आहे काढायला, कोकणात जा, हिमाचलला जा. मला खरंच उलट वाटतं. या प्रकाराला लागतात मोठे मोठे रंगाचे पट्टे आणि एकसारख्या जाणाऱ्या रेषा, आणि आपल्याकडे त्याची काही कमी आहे का? काळी जमीन, तिच्यावर कपाशीचा पांढरा, केळीचा ओला हिरवा, दादर ज्वारीचा फिकट पिवळा, मागे सातपुड्याची निळसर रेघ. ठिबकच्या नळ्या तर कोणी पट्टी लावून आखल्यासारख्या सरळ. आणि जे साध्या फोटोत खुपतं ना, विजेच्या तारा, बांधावरची काटेरी झुडपं, वाऱ्याने उडून आलेल्या पिशव्या, ते सगळं कॅमेरा हलवला की विरघळून जातं. साध्या फोटोला अवघड असलेला प्रदेश या फोटोला एकदम सोपा आहे, हे मी पुन्हा पुन्हा बघितलंय.

अडचण एकच, ऊन. आधी त्याचं गणित सांगते कारण ते कळल्याशिवाय पुढचं काहीच जमत नाही. कडक उन्हात आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते) १०० आणि अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक, एफचा आकडा मोठा तेवढं ते लहान) एफ १६ ठेवलं तर शटर साधारण १/१०० सेकंद येतं, हा फिल्मच्या काळापासूनचा ठोकताळा आहे आणि आपल्याकडच्या उन्हात तो अगदी चपखल बसतो. एफ २२ केलं तर १/५०. आता १/५० ला तुम्ही कॅमेरा हलवला तर फोटो फक्त थोडासा फुटल्यासारखा दिसतो, बघणाऱ्याला वाटतं हात हलला. ही पद्धत सुरूच होते १/१५ च्या आसपास, आणि मला स्वतःला आवडतो तो पट्टा १/४ पासून एक सेकंदापर्यंतचा. म्हणून लेन्सवर एनडी फिल्टर लागतो, म्हणजे काळा चष्माच, रंग न बदलता नुसता उजेड कमी करणारा. एनडी ८ म्हणजे तीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), उजेड आठपट कमी, मग त्या १/५० चं होतं साधारण १/६. एनडी ६४ म्हणजे सहा स्टॉप, त्याने सव्वा सेकंद मिळतो. आणि तो जो एनडी १००० सगळे धबधब्यासाठी घेतात तो भर उन्हात तुम्हाला वीस सेकंदावर नेऊन ठेवतो, तेवढा वेळ हात कोण हलवणार आणि त्यात उरणार काय, त्यामुळे तो या कामासाठी घेऊ नका. एकच घ्यायचा असेल तर एनडी ८ घ्या, सकाळ संध्याकाळ आणि ढगाळ दिवसांना तो पुरतो. सोबत पोलरायझर, म्हणजे चकाकी कापणारा फिल्टर, असेल तर तो पण दीड-दोन स्टॉप खातो आणि वर केळीच्या पानावरची चकाकी काढतो, ती चकाकी गेली की पानाचा खरा हिरवा बाहेर येतो. फिरवून कमी-जास्त होणारे व्हेरिएबल एनडी मिळतात ते आतून दोन पोलरायझरच असतात, अगदी टोकाला फिरवले की फोटोत मोठी फुलीसारखी काळी सावली येते, तेवढं सांभाळायचं.

वेळेचं म्हणाल तर वैशाखात सकाळी आठ वाजताच उजेड सपाट होऊन जातो, सावल्यांमधला निळा जातो, रंग सगळे धुतल्यासारखे. त्या दिवसांत मी उजाडायच्या आधी निघते किंवा सरळ घरी बसते. भाद्रपदातले ढगाळ दिवस मात्र सोन्यासारखे, दुपारी बारालाही काम होतं.

आता मुख्य गोष्ट. कॅमेरा कुठल्या दिशेने हलवायचा. नेटवर बघितलं तर सगळे सांगतात, हलवून बघा, खेळा, काहीतरी छान येईल. मला हे पटत नाही. समोर जे आहे त्याची स्वतःची एक चाल असते, उभ्या झाडांची उभी, नांगरटीची आडवी, नदीची वळणाची, आणि हात त्या चालीने गेला तर रंग स्वच्छ राहतात. कारण काय होतं बघा, शटर उघडं असताना सेन्सरच्या एका ठिकाणावर जे जे येऊन जातं ते सगळं मिसळतं. तुम्ही सरींच्या बाजूने, त्या ज्या दिशेने पळतायत त्याच दिशेने हात नेला तर काळ्यावर काळाच येतो आणि हिरव्यावर हिरवाच, पट्टे वेगळे राहतात, फक्त ढेकळं आणि पानं पुसली जातात. तेच सरींना आडवा हात मारला तर काळा, हिरवा, मातकट सगळं एकमेकांत कालवलं जाऊन सपाट राखाडी होतं. लाल-हिरव्यासारखे एकमेकांच्या विरुद्ध रंग असतील तर अजूनच वाईट, चिखल होतो. ब्रशने चित्र काढणारे लोक हेच करतात, गवताला गवतासारखा फटकारा, पाण्याला पाण्यासारखा. म्हणून मी शेतात गेल्यावर कॅमेरा आधी बाहेर काढतच नाही, नुसती उभी राहून हाताने हवेत तीन-चार वेळा रेघ मारून बघते. रस्त्याने जाणारे बघतात, बघू देत.

केळीच्या बागेचं उदाहरण देते कारण तिथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवलाय. चोपडा तालुक्यात मामांची बाग आहे. बाहेरून केळी म्हणजे नुसता हिरवा चौकोन दिसतो, पण आत शिरलं की ते दुसरंच जग आहे, बाहेरपेक्षा गार, ओलसर वास, आणि उजेड वरून पानांमधून गाळून हिरवा होऊन येतो. खोडं सरळ नसतात, थोडी झुकलेली, घडाच्या वजनाने एका अंगाला. खोडाचा रंग नीट बघा कधी, लांबून हिरवा वाटतो पण जवळून त्यात तपकिरी आहे, काळपट जांभळे डाग आहेत, सुकलेल्या सोपटाचा कागदासारखा पिवळट रंग आहे. वाळलेली पानं खाली लोंबतात, ती बदामी. घडांना पिशव्या घातल्या असतील तर मध्येच निळ्या-पांढऱ्याचा एक ठिपका. आणि वाऱ्याने फाटलेली पानं, एकेका पानाच्या पन्नास पट्ट्या झालेल्या, त्या हलत असतात आधीपासूनच, म्हणजे तुमच्या कॅमेऱ्याची हालचाल आणि पानाची हालचाल अशा दोन हालचाली एकाच फोटोत येतात. हे शहरातल्या बागेतल्या झाडात मिळत नाही.

इथे मी वरून खाली जाते. अर्धा सेकंद, एफ १६, उजेड बघून एनडी ८. दोन पद्धती आहेत आणि दोन्हींचा फोटो वेगळा येतो. पहिलीत हात आधी सुरू करायचा, चालत्या हातात शटर दाबायचं, आणि शटर बंद झाल्यावरही हात थांबवायचा नाही, बॅट्समन बॉल गेल्यावर बॅट पुढे नेतो तसा. याने रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखी येते, फोटो अगदी मऊ, जवळजवळ अमूर्त. दुसऱ्या पद्धतीत शटर दाबायचं, क्षणभर, म्हणजे त्या अर्ध्या सेकंदातला पहिला थोडासा भाग, अजिबात हलायचं नाही, आणि मग झर्रकन खाली. त्या स्थिर क्षणात खोडाची कड, घडाचा आकार पकडला जातो आणि बाकीच्या वेळात त्याच्यावरून रंग ओघळतो. केळीला मला ही दुसरी आवडते, कारण केळ आहे हे कळतं. बघणाऱ्याला धरायला एक काहीतरी पाहिजे फोटोत. हात कोपरापासून हलवला तर रेघ कमानीसारखी वाकते, म्हणून कोपर बरगड्यांना चिकटवून गुडघ्यातून खाली बसायचं, मग सरळ येते. आणि कपडे जुने घाला, केळीचा चीक कापडाला लागला की निघत नाही, वाळला की काळा पडतो, हे खान्देशातल्या माणसाला सांगायला नको पण बाहेरून येणाऱ्यांसाठी लिहितेय.

मामांनी पहिल्यांदा कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर बघितलं आणि म्हणाले, "बेटा, हाई काय शे? फोटू हाली गया ना!" मी काही समजावत बसले नाही. घरी आल्यावर लॅपटॉपवर मोठा करून दाखवला. बराच वेळ बघत राहिले आणि मग म्हणाले, "वादळ येतं ना, तेव्हा बाग अशी दिसते." ज्यांनी मे-जूनच्या वादळात उभी बाग आडवी झालेली बघितलीय त्यांनाच हे दिसू शकतं. मी रंगाचा विचार करत होते आणि त्यांना त्यात वारा दिसला. त्यानंतर मी बागेत काढताना त्या दिशेचा पण विचार करायला लागले, वादळी वाऱ्यात पानं जशी एका बाजूला ओढली जातात तसा हात तिरका नेऊन बघितला, आणि त्या फोटोंमध्ये एक ताण आहे जो उभ्या रेघांच्या फोटोंमध्ये नाही. मामींना मात्र अजून उभ्या रेघांचाच आवडतो, त्यांनी तो हॉलमध्ये लावलाय.

चित्रकारांचं नाव घेतल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. इम्प्रेशनिस्ट मंडळींचं पहिलं प्रदर्शन पॅरिसमध्ये १८७४ ला भरलं ते एका फोटोग्राफरच्या जुन्या स्टुडिओत, नादारच्या. मला हे वाचून फार आनंद झाला होता. एकीकडे कॅमेरा आल्याने हुबेहूब काढायचं काम चित्रकारांच्या डोक्यावरून उतरत होतं आणि ते उजेडाच्या मागे लागले होते, आणि जागा दिली ती कॅमेरावाल्याच्या खोल्यांनी. त्यांच्यातल्याच क्लोद मोनेने १८९०-९१ मध्ये शेतातल्या गंज्यांची मालिका काढली, त्याच त्या गंज्या, सकाळच्या, संध्याकाळच्या, बर्फातल्या, धुक्यातल्या. एकाच वेळी बरेच कॅनव्हास सुरू ठेवायचे आणि उजेड बदलला की कॅनव्हास बदलायचा. आपल्याकडे दादर काढून झाली की कडब्याच्या गंज्या लागतात शेताशेतात, आणि मी दर वर्षी अमळनेरकडच्या एका बांधावर जाऊन त्याच दोन गंज्या काढते. सकाळी त्या निळसर असतात, खरंच निळसर, सावलीची बाजू बघा. संध्याकाळी कडा नारिंगी होतात. हात फक्त थोडा, अगदी थोडा, आडवा, १/८ सेकंद. गंजीचा आकार साधा आहे म्हणून तो टिकतो आणि कडब्याची काडी काडी तेवढी जाते.

चित्रात आणि यात एक फरक आहे तो लक्षात ठेवावा लागतो. ते लोक शुद्ध रंगाचे फटकारे शेजारी शेजारी ठेवायचे आणि मिसळायचं काम बघणाऱ्याच्या डोळ्यावर सोडायचे. आपल्याकडे मिसळणं सेन्सरवरच होऊन गेलेलं असतं, नंतर वेगळं करता येत नाही. म्हणून तर मी एवढं दिशा दिशा करते.

फोटोग्राफीतलं पाहिजे असेल तर अर्न्स्ट हासचं काम बघा. ऑस्ट्रियात जन्मलेला, नंतर अमेरिकेत गेलेला. १९५७ मध्ये लाइफ मासिकात त्याचे स्पेनमधल्या बैलझुंजीचे रंगीत फोटो आले, सगळे हललेले, बैल आणि लाल कापड आणि माणूस एकमेकांत वाहतायत. त्या काळची रंगीत फिल्म भयंकर स्लो, कोडाक्रोम फिल्मचं स्पीड, म्हणजे आजचा आयएसओ, १० च्या आसपास, म्हणजे आपण आज आयएसओ १०० ला रडतो त्याच्या दहावा भाग. हलणारी गोष्ट थांबवताच येत नव्हती बहुतेक वेळा, तर त्याने हलण्यालाच विषय केलं.

आणि घरचंच नाव घ्यायचं तर चाळीसगावचे कलामहर्षी केकी मूस. १९१२ ते १९८९. आयुष्यातली जवळजवळ पन्नास वर्षं घराबाहेर न पडता काढलेला हा माणूस, चाळीसगाव स्टेशनजवळच्या घरात बसून टेबल-टॉप फोटोग्राफी करायचा, घरातल्याच वस्तू टेबलावर मांडून, उजेड लावून, त्यातून आख्खं निसर्गदृश्य उभं करायचा. त्यांचे फोटो हललेले नाहीत, आयसीएमशी त्यांचा थेट संबंध नाही, पण मला त्यांच्याकडून जी हिंमत मिळाली ती म्हणजे फोटो समोर आयता पडलेला असायलाच पाहिजे असं नाही, तो हाताने घडवता येतो, आणि घडवलेला आहे म्हणून तो कमी खरा होत नाही. खान्देशातल्या प्रत्येक फोटो काढणाऱ्याने एकदा तरी ते घर बघावं. आपल्याच लोकांना माहीत नसतं याचं मला फार वाईट वाटतं.

माणसं आणि जनावरं घेताना गोष्ट बदलते, कारण समोरचं स्वतःच पळत असतं. सारंगखेड्याला दत्तजयंतीपासून तापीकाठी घोड्यांची यात्रा भरते, तिथे घोडे चालवून दाखवतात. इथे कॅमेरा घोड्याबरोबर न्यायचा, पॅनिंग, १/१५ ते १/३०. मागची गर्दी, तंबू, झुली, सगळ्याच्या आडव्या रंगीत रेघा होतात. यात एक बारीक गोष्ट आहे, रेवाल चालीचा घोडा शोधा. त्या चालीत पाय एवढे भराभर पडतात तरी पाठ वरखाली होत नाही, स्वार खुर्चीवर बसल्यासारखा स्थिर असतो, त्यामुळे पाठ, मान आणि फेटा बऱ्यापैकी टिकतो आणि खाली पायांचा नुसता धूर होतो. दुडकी चालणाऱ्या घोड्याचं १/१५ ला सगळंच फुटतं. संध्याकाळी उडालेल्या धुळीत तिरपा उजेड आला की फिल्टर पण लागत नाही.

अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावची आदिवासींची राजवाडी होळी हा दुसरा प्रसंग. रात्रभर नाच, मोरपिसांचे उंच टोप, कमरेला घुंगरं आणि दुधी भोपळे, अंगावर पांढरी नक्षी, आणि होळी पेटते पहाटे. तिथे हल्ली शेकडो कॅमेरे येतात, तोंडासमोर फ्लॅश मारतात, व्रत पाळून नाचणाऱ्या माणसाला थांब थांब म्हणून पोज द्यायला लावतात. मला ते बघवत नाही. फ्लॅश नकोच, जाळाचा आणि दिव्यांचा उजेड घ्यायचा, आयएसओ ८००, एफ ४, १/४ सेकंद, आणि ढोलाच्या ठेक्यावर हात. नाचणारे ज्या बाजूला झुलतात त्या बाजूला तुम्ही पण झुलायचं. फोटोत चेहरा ओळखू येत नाही, आणि हे मला या पद्धतीचं मोठं देणं वाटतं. त्या माणसाचा चेहरा तुम्ही घेऊन जात नाही, त्याचा नाच घेऊन जाता. तरी विचारून घ्यायचं, स्क्रीनवर दाखवायचं, ते राहिलंच.

आता बारीकसारीक गोष्टी, जशा आठवतील तशा. लेन्सचं किंवा बॉडीचं स्टॅबिलायझेशन बंद करा, नाहीतर तुम्ही हलवणार आणि ते थांबवायला बघणार. रॉ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये काढा, कारण सगळं मिसळल्याने काँट्रास्ट कमी होतो, हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) मध्यात गोळा होतो, आणि नंतर तो ओढून घ्यावा लागतो, जेपेगमध्ये तेवढा जीव नसतो. आकाश कापा. हे मी प्रत्येकाला सांगते. आपल्याकडचं आकाश वर्षातले बरेच दिवस पांढरं असतं आणि उभ्या हालचालीत तो पांढरा खाली झाडात उतरतो, गडद खोडं पांढरा उजेड खाऊन फिकी पडतात. फ्रेम खाली घ्या किंवा लांब लेन्स लावा, ७० मिमीच्या पुढची, म्हणजे नुसती खोडं खोडं घेता येतात. पाल आणि यावलकडच्या सागाच्या जंगलात तर मी वरचं काही घेतच नाही.

सेन्सरवरची धूळ. एफ १६, एफ २२ ला ती दिसते हे सगळ्यांना माहितीय, पण इथे अजून एक गंमत आहे, कॅमेरा हलतो तशी धूळ पण सेन्सरबरोबरच हलते, म्हणजे सेन्सरच्या दृष्टीने ती जागच्या जागीच. आख्खा फोटो मऊ, वाहता, आणि त्यात एकच शार्प गोष्ट, धुळीचा काळा ठिपका. आपल्याकडची मातीची बारीक धूळ कशी असते ते ठाऊकच आहे. शेतात लेन्स बदलू नका, गाडीत काचा बंद करून बदला, आणि निघायच्या आधी कोऱ्या भिंतीचा एक फोटो एफ २२ ला काढून बघा.

ट्रायपॉड फक्त आडव्या हालचालीच्या फोटोला. तापीचं पात्र, चांगदेवला तापी-पूर्णेचा संगम, असं काही असेल तर हेड बाजूला फिरेल एवढंच ढिलं ठेवायचं, काठाची रेघ मग तंतोतंत सरळ येते. हाताने ती जरा लाटेसारखी येते आणि पाण्याला ती चालते, पण क्षितिजाला मला नाही आवडत. झूम फिरवून मध्यातून रेघा काढायचा प्रकार असतो, तो मी करत नाही, सगळे फोटो एकसारखे येतात. गोल फिरवणं क्वचित, खाली पडलेल्या पानांवर किंवा वर बघून झाडाच्या शेंड्यांवर.

एक सेकंदाच्या पुढे मी सहसा जात नाही. फार वेळ ठेवलं की कुठलं झाड, कुठलं शेत, काही उरत नाही, नुसती रंगाची चादर. ती सुंदर असू शकते पण ती कुठलीही असू शकते, आणि मला माझी केळी माझीच दिसायला पाहिजे.

लोक विचारतात हे कंप्युटरवर मोशन ब्लर मारून होत नाही का. होतं काहीतरी, पण तेच नाही. साध्या फोटोत पानावरची चमक जास्तीत जास्त पांढरी होऊन थांबलेली असते, तिच्या पुढचा उजेड नोंदलाच गेलेला नसतो, त्यामुळे नंतर पसरवली की ती राखाडी पडते. खऱ्या उघड्या शटरमध्ये त्या चमकेचा सगळा उजेड रेघ मारत जातो, रेघ जिवंत राहते. आणि हात कधी वेगाने कधी हळू जातो, टोकाला किंचित वळतो, ते सॉफ्टवेअरला एवढं सहज येत नाही. पाण्यावरच्या उन्हाच्या फोटोत हा फरक लगेच दिसतो, दोन्ही शेजारी ठेवून बघा.

मोबाइलवाल्यांसाठी. फोनमध्ये अ‍ॅपर्चर बहुतेक बदलत नाही, म्हणून दिवसा अवघड आहे. प्रो मोडमध्ये आयएसओ सगळ्यात खाली, शटर १/४, आणि सूर्य मावळल्यानंतरचा अर्धा तास. थोडा जास्त उजेड असेल तर गॉगलची काच लेन्ससमोर धरा, रंग जरा बदलतो पण चालतं. फोनमधलं स्थिर करायचं सेटिंग सापडलं तर बंद करा, नाही सापडलं तर हात जरा जास्त लांब न्या.

निवडताना मी प्रिंटच्या आकाराला बघते, स्क्रीनच्या नाही. मोबाइलवर छोटे दिसले की सगळेच बरे वाटतात. कागद मॅट, चकचकीत कागदावर या फोटोंचा मऊपणा मरतो. जळगावात एकाकडे कापडासारख्या पोताच्या कागदावर प्रिंट काढून मिळतात, त्यावर सागाच्या जंगलाचा फोटो काय दिसतो म्हणून सांगू.

आता फाल्गुनात पळस फुलेल. शिरपूरकडून आग्रा रोडने पळासनेरकडे जाताना दोन्ही बाजूंना दिसतो, पानं सगळी गळालेली, फुलं शेंदरी, खोड काळंभोर आणि वेडंवाकडं. त्याची चाल उभी नाही हे लक्षात घ्या, फांद्या कोनात वाकत वाकत जातात, त्यामुळे सरळ खाली हात मारला तर शेंदरी आणि काळं मिसळून तपकिरी होतं. छोटी थरथर द्यायची, दोन बोटं इकडे दोन बोटं तिकडे, १/६ च्या आसपास, म्हणजे फुलांचे ठिपके पसरतात पण फांद्यांपासून सुटत नाहीत. मागे डोंगराची सावली येईल असं झाड शोधा, पांढरं आकाश नको. सकाळी साडेसात-आठच्या आत, एनडी ८ खिशात. आणि गाडी हायवेवर थांबवू नका, ट्रक फार जोरात येतात, आतल्या फाट्याला लावून चालत या.